प्रसूती-स्त्रीरोगाची पोस्टिंग: कोपऱ्यात उभं राहून काय शिकणार?

तुमच्या प्रश्नाचे मी चार भाग करते. सहा आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये नक्की काय शिकायचं, लेबर रूममध्ये विद्यार्थ्यांना कोपऱ्यात उभं करतात तो वेळ वाया जातो का, मुलगा आहे म्हणून पेशंट नको म्हणतात त्याचं काय करायचं, आणि आधी काय वाचायचं. वर एकाने 'जमतील तेवढ्या डिलिव्हऱ्या बघून घे, लॉगबुक भर, बाकी सगळं वाचून होतं' असा सल्ला दिलाय. मला तो अजिबात पटत नाही. बरीच वर्षं विद्यार्थ्यांना लेबर रूममध्ये शिकवतेय, त्यामुळे जरा लांबण लावते.

डिलिव्हरी बघणं म्हणजे बहुतेकांच्या लेखी शेवटची दहा मिनिटं. 'क्राउनिंग झालं' (बाळाचं डोकं बाहेर दिसायला लागलं) अशी हाक येते, सगळे धावतात, टाचा उंचावून बघतात, बाळ रडलं की लॉगबुकात एक ओळ वाढते. मग त्याच विद्यार्थ्याला विचारावं, ही बाई भरती झाली तेव्हा बाळाचं डोकं पोटावरून किती लागत होतं? कळा किती होत्या? दुपारनंतर काय बदललं? उत्तर येत नाही, कारण तेव्हा तो तिथे नव्हताच.

बाकीच्या वॉर्डांत माणूस आजारी म्हणून येतो. इथे येणाऱ्या बहुतेक जणी धडधाकट असतात, आणि ज्या थोड्या बिघडतात त्या बघता बघता बिघडतात. म्हणून या पोस्टिंगमध्ये कमवायची गोष्ट माझ्या मते एकच: नॉर्मल कसं असतं हे हाताला आणि डोळ्याला इतकं ओळखीचं व्हावं, की ते जरा हललं तरी लगेच खटकावं. दहा जणींचा शेवट बघून हे येत नाही. एकीजवळ सुरुवातीपासून वार (प्लॅसेंटा) पडल्यानंतरच्या दोन तासांपर्यंत बसलं की येतं.

तेव्हा ड्यूटीला गेलात की नुकतीच भरती झालेली एक बाई बघा, तिला विचारा, आणि तिच्याजवळ स्टूल घेऊन बसा. तळहात पोटावर, गर्भाशयाच्या वरच्या भागावर, सपाट ठेवा. बोटं खुपसायची नाहीत. घड्याळ लावून दहा मिनिटं गप्प बसा. किती कळा आल्या, प्रत्येक किती सेकंद टिकली, मध्ये पोट पूर्ण सैल पडलं का, एवढंच टिपा. कळ हलकी असेल तर पोट नाकाच्या शेंड्याइतपत घट्ट लागतं, मध्यम असेल तर हनुवटीसारखं, जोरात असेल तर कपाळासारखं. थोड्या वेळाने लक्षात येईल की तिला दुखायला लागण्याआधीच तुमच्या हाताला कळ समजते. आणि दोन कळांच्या मध्ये पोट सैल पडेनासं झालं, तर कोणालाही न लाजता हाक मारायची.

मग बाळाचे ठोके. कळ चालू असताना मध्येच डॉपलर (ठोके ऐकायचं यंत्र) टेकवून 'एकशे चाळीस, ओके' म्हणून निघून जाणारे खूप आहेत. ऐकायचं ते कळ ओसरताच, आणि पूर्ण एक मिनिट. ११० ते १६० ही नेहमीची हद्द, पण कळ संपल्यावर ठोके खाली जाऊन सावकाश वर येत असतील तर आधीचा १४० काही कामाचा नाही. दुसरा हात आईच्या नाडीवर ठेवा. आईची नाडी १२० असेल तर तीच बाळाची म्हणून मोजली जाते, आणि ही चूक चांगल्या चांगल्यांच्या हातून होते.

हे सगळं तक्त्यावर उतरवा. अलर्ट आणि अ‍ॅक्शन (सावध व्हा आणि आता हालचाल करा) या दोन रेषांचा पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूती किती पुढे सरकली ते दाखवणारा तक्ता, फिलपॉट आणि कॅसल यांनी १९७२ मध्ये ऱ्होडेशियातून मांडला. गर्भाशयाचं तोंड ताशी एक सेंटिमीटर उघडतं, हा हिशोब तिथून प्रत्येकाच्या डोक्यात बसला. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की अ‍ॅक्टिव्ह फेज (तोंड वेगाने उघडण्याचा टप्पा) ५ सेंटिमीटरपासून धरा, आणि ताशी एक सेंटिमीटरचा वेग प्रत्येकीकडून अपेक्षित धरू नका. २०२० मध्ये लेबर केअर गाइड हा नवा तक्ता आला. तुमच्याकडे जो वापरतात तो भरा, पण परीक्षेत दोन्ही विचारतात. तक्ता प्रसूती झाल्यावर आठवून भरण्याची पद्धत दिसली तर ती उचलू नका. तसा भरलेला तक्ता सुरेख दिसतो आणि काहीही सांगत नाही.

आता पीव्ही, म्हणजे योनिमार्गातून बोटांनी करायची तपासणी. विद्यार्थ्यांना वाटतं की पीव्ही करायला मिळालं म्हणजे पोस्टिंग सार्थकी लागली. एकीची तपासणी रांगेने चौघांनी करायची नसते. प्रत्येक तपासणीने जंतुसंसर्गाची शक्यता वाढते, शिवाय तिला दुखतं. इथे सेमेलवाइस या डॉक्टरची आठवण काढावीच लागते: १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉक्टर आणि विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतज्वराने बायका जास्त मरत होत्या, सुइणींच्या विभागात कमी. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट तपासायला येत होते. त्याने क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. तर तपासणीची परवानगी आधी, शक्य असेल तेव्हा सीनिअरच्या तपासणीच्या वेळीच, आणि तिच्याच तोंडून. ऑपरेशन टेबलवर भूल दिलेल्या बाईची 'शिकण्यासाठी' तपासणी करायला कोणी सांगितलं, तर तिने आधी होकार दिलाय का हे विचारा. दिला नसेल तर हात मागे.

बाळ बाहेर आलं की सगळी खोली बाळाकडे वळते. तुम्ही वळू नका. पुढची पंधरा-वीस मिनिटं हा या विषयाचा गाभा आहे. बाळ आल्यावर एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत. मग वार सुटल्याच्या खुणा बघा: रक्ताचा एकदम लोंढा, नाळ लांब होणं, गर्भाशय गोल आणि घट्ट होऊन वर सरकणं. नाळ ओढताना दुसरा हात ओटीपोटावर लावून गर्भाशय वर रोखून धरतात, तो हात नीट बघा. तो का लागतो हे एकदा समजलं की गर्भाशय उलटं होणं हा धडा वेगळा वाचावा लागत नाही.

वार ट्रेमध्ये आली की ग्लोव्ह्ज घालून ती स्वतः तपासायला मागा. हे काम विद्यार्थ्याला कोणी नाकारत नाही. आईकडची बाजू वर करून दोन्ही तळहातांवर पसरा, गुठळ्या पुसून काढा, पाकळ्या एकमेकींना जुळतात का बघा. मध्येच खड्डा आणि फाटलेली कड दिसली तर तुकडा आत राहिलाय. मग नाळेला धरून उचला, म्हणजे पडदे खाली लोंबतात. एखादी रक्तवाहिनी वारेच्या कडेपलीकडे पडद्यात जाऊन फाटलेल्या टोकाशी संपत असेल, तर वारेची एक छोटी जादा पाकळी आत राहिल्याची शक्यता धरा. शेवटी नाळेचं कापलेलं टोक: दोन धमन्या, एक शीर. सगळं मिळून पाच मिनिटं लागतात.

तोवर रक्त किती गेलं? नजरेने अंदाज केला की तो जवळजवळ नेहमी कमी येतो, विशेषतः जास्त गेलेलं असताना. रक्त टिपलेल्या मॉपचं (कापडी घड्यांचं) वजन करा, कोरं वजन वजा करा, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. ५०० मिली झालं की पीपीएच (प्रसूतीनंतरचा जादा रक्तस्राव) म्हणायचं. मोजमापाच्या खुणा असलेली पिशवी बाईखाली लावून रक्त मोजलं आणि वाहतंय दिसताच ठरलेले उपचार एकदम सुरू केले, तर काय फरक पडतो हे ई-मोटिव्ह चाचणीने २०२३ मध्ये दाखवलं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत गंभीर रक्तस्राव, रक्तस्रावासाठी पोट उघडणं किंवा त्याने मृत्यू, यांचा एकत्रित धोका ६० टक्क्यांनी कमी झाला. त्यातली औषधं जुनीच होती. आणि तरुण बाईचं बीपी फार उशिरापर्यंत टिकतं, त्याच्या आधी नाडी पळायला लागते. बीपी ११०, नाडीही ११० असं दिसलं की 'बीपी नॉर्मल आहे' हे वाक्य तोंडातून काढू नका.

दुसरी गोष्ट हाताने शिकायची ती मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, बीपी वाढून येणाऱ्या झटक्यांवरचं औषध. झटके आलेल्या किंवा येण्याच्या बेतात असलेल्या बाईला ते चालू असेल तर पुढच्या डोसआधी तीन गोष्टी बघतात: गुडघ्याचा जर्क (हॅमर मारल्यावर पाय उडणं), श्वासाचा वेग, लघवी. हॅमर घेऊन जर्क तुम्ही काढा. औषध अंगात जास्त झालं की आधी जर्क जातो, श्वास त्यानंतर, म्हणून तो हॅमर महत्त्वाचा. त्यावरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, कुठल्या ट्रेमध्ये ठेवलंय ते ड्यूटी सुरू होतानाच बघून ठेवा. आणि बीपी वाढलेल्या प्रत्येकीला डोकं दुखतंय का, डोळ्यांसमोर अंधारी येते का, छातीखाली पोटाच्या वरच्या भागात दुखतंय का, हे विचारा. 'अ‍ॅसिडिटी' म्हणून सोडून दिलेलं ते दुखणं लिव्हरचं निघतं.

ओपीडीबद्दल थोडक्यात. पाळीची शेवटची तारीख विचारताना ती पक्की आहे का आणि पाळी नियमित होती का हेही विचारा. नऊ महिने सात दिवसांचं गणित २८ दिवसांच्या चक्रावर बेतलेलं आहे. आधीची गर्भारपणं आणि गर्भपात नातेवाईक बाहेर गेल्यावर विचारा, घरात सगळ्यांना सगळं माहीत असतंच असं नाही. रक्तस्रावाची तक्रार असेल तर 'खूप जातं' यावर थांबू नका, पॅड किती, गुठळ्या किती मोठ्या, रात्री उठून बदलावं लागतं का. प्रजननक्षम वयातली बाई पोटदुखी किंवा चक्कर घेऊन आली की आधी प्रेग्नन्सी टेस्ट, मग ती काहीही म्हणो. एक्टोपिक (गर्भाशयाबाहेर राहिलेला गर्भ) याच दारातून निसटते. पाळी कायमची गेल्यानंतर थेंबभर रक्त दिसलं तरी कॅन्सर नाही हे सिद्ध करूनच सोडायचं. ऑपरेशन थिएटरमध्ये मूत्रवाहिनी गर्भाशयाच्या धमनीखालून कुठे जाते तेवढं बघून घ्या, बाकी रिट्रॅक्टर धरण्यातच वेळ जातो.

आता मुलगा असण्याचं. नकार मुलींनाही मिळतो, फक्त त्या त्याची चर्चा कमी करतात. बाई टेबलवर पाय वर करून झोपलेली असताना परवानगी मागायची नाही. ती कपड्यांत, बसलेली असताना जा, नाव सांगा, विद्यार्थी आहे हे सांगा, काय करणार ते सांगा. 'डॉक्टर' म्हणून ओळख करून देऊ नका. ती नाही म्हणाली तर 'बरं' म्हणा आणि चेहरा पाडू नका. तपासणी नाकारलेली बाईही कळा मोजू देते, ठोके ऐकू देते, पाणी मागते, कमरेला दाब दे म्हणते. वर लिहिलेल्यातलं बहुतेक सगळं डोक्याच्या बाजूला बसून होतं.

आणि कोपरा सोडायचा असेल तर आधी सिस्टरांशी ओळख करून घ्या. लेबर रूमची जुनी सिस्टर बाईच्या कण्हण्याचा सूर बदलला की तपासणी न करता सांगते, 'हिचं पूर्ण उघडलंय'. ती हे कशावरून ओळखते ते तिलाच विचारा. मला अजून कोणी विचारल्याबद्दल रागावलेली सिस्टर भेटलेली नाही. ड्यूटी बदलताना मात्र विचारायला जाऊ नका.

आधी काय वाचू, हेही तुम्ही विचारलंय. पहिल्या रात्री प्रसूतीची यंत्रणा (बाळ वळत वळत बाहेर कसं येतं), आणि तीही बाहुली आणि पेल्व्हिस हातात घेऊन, नुसतं वाचून डोकं कुठे फिरतं ते कळत नाही. मग तिसरी अवस्था (बाळ आल्यापासून वार पडेपर्यंत) आणि पीपीएच, मग बीपी. वंध्यत्व आणि कॅन्सरचं स्टेजिंग शेवटच्या आठवड्यावर ढकला. स्टेजिंग तसंही परीक्षेच्या आदल्या रात्री सगळे पुन्हा पाठ करतात.