मेपोलिझुमॅब हे दम्याचं इंजेक्शन इओसिनोफिल पेशी मारतं, की तयारच होऊ देत नाही?

मुख्यतः तयार होऊ देत नाही. इओसिनोफिल ही पांढरी पेशी अस्थिमज्जेत घडते. तिला पक्व व्हायला, रक्तात उतरायला आणि तगून राहायला इंटरल्युकिन-५ हे प्रथिन लागतं. मेपोलिझुमॅब त्यालाच पकडून ठेवतं, म्हणून बऱ्याच पेशी अर्धवट वाढीवर अडकतात आणि रक्ताच्या रिपोर्टमधला इओसिनोफिलचा आकडा घसरतो. थेट मारतं ते बेनरालिझुमॅब हे दुसरं इंजेक्शन: ते पेशीवरच्या इंटरल्युकिन-५ च्या ग्राहीला (ते प्रथिन जिथे जोडलं जातं त्या जागेला) चिकटतं आणि शरीरातल्याच मारक पेशी तिचा फडशा पाडतात. मात्र दम्यात ही दोन्ही इंजेक्शनं इओसिनोफिल वाढलेल्या तीव्र प्रकारापुरतीच आहेत. धाप लागल्यावर त्यांचा उपयोग नाही, तेव्हा इनहेलरच हवा. डॉक्टरांना न विचारता तो अजिबात बंद करू नका.