शहरात चालवायला स्वस्तातली माउंटन बाइक घ्यायची आहे. शॉकअप फक्त पुढे असलेली घेऊ की पुढे-मागे दोन्हीकडे?

तुम्ही विचारलंय: रोज जाऊन-येऊन १५ किलोमीटर डांबरी रस्ता, महिन्यातून एखाद्या रविवारी मातीची वाट, बजेट बेताचं. शॉकअप एक की दोन, गिअर १८ की २१, चाक २७.५ इंची की २९? पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे. बेताच्या बजेटात एकही शॉकअप घेऊ नका, साध्या फोर्कची (पुढचं चाक धरणारे दोन पाय, त्यात शॉकअप नसलेले) माउंटन बाइक शोधा. 'माउंटन बाइक म्हटली की शॉकअप हवाच' हे वाक्य इतक्या जणांनी इतक्या ठामपणे ऐकवलंय, की त्यावर जरा सविस्तर लिहितो.

मागच्या शॉकअपचं आधी उरकून घेऊ. स्वस्त सायकलीत तो म्हणजे एक उघडी स्प्रिंग आणि फ्रेमचे दोन भाग जोडणारा एक सांधा. त्या सांध्यात प्लॅस्टिकचे बुश. बुश झिजले की मागचं चाक आडवं हलायला लागतं, आणि ते बुश सुटे मिळत नाहीत. पायडल मारताना सीट खाली-वर होते, म्हणजे पायांचा जोर रस्त्याऐवजी स्प्रिंग दाबण्यात जातो. वजन १८ किलोच्या घरात. अशा कित्येक सायकलींच्या माहितीपुस्तिकेतच खडकाळ वाटेवर वापरू नये असं छापलेलं असतं.

आता पुढचा. समोर टेबलावर दोन वर्षं वापरलेला एक फोर्क उघडून ठेवलाय, '१०० मिमी ट्रॅव्हल', म्हणजे तेवढा दबतो, असं सांगून विकला जाणारा. उघडायची पद्धत सोपी आहे. चाक काढायचं, खालच्या नळ्यांच्या तळाचे दोन बोल्ट चार-पाच फेरे सैल करायचे, त्यांच्या डोक्यावर रबरी हातोडीने एकेक ठोका द्यायचा, मग बोल्ट पूर्ण काढून खालचा भाग ओढून घ्यायचा. चांगल्या फोर्कमधून या वेळी तेल गळतं, म्हणून खाली परात ठेवतात. इथे परातीत एक थेंब पडला नाही. डाव्या पायात एक स्प्रिंग, तिच्या टोकाला रबराचा ठोकळा. उजवा पाय रिकामा. वरच्या चकचकीत नळ्या लोखंडी, त्यांवर क्रोमचा मुलामा. धूळ अडवणाऱ्या सीलच्या जरा खाली, जिथे पावसाचं पाणी साचून राहतं, तिथला मुलामा उडालाय आणि गंजाचे खवले नखाला लागतायत. खालच्या भागातले प्लॅस्टिकचे बुश त्या खवल्यांवर दोन वर्षं घासत राहिले, कानशीवर घासावेत तसे. ग्रीसचा वाळू मिसळलेला काळा लगदा झालाय. नळी परत बुशमध्ये घातली तर मिलिमीटरभर तरी डगडगते.

यात एक भाग मुळातच नाही: डँपर. स्प्रिंग दाबली जाते तशीच परत उसळते, आणि ती उसळी जिरवायला तेल बारीक भोकांतून ढकलणारी रचना लागते. या फोर्कमध्ये ते काम घर्षणावर सोडलंय. घर्षण मोठ्या धक्क्याला कमी पडतं आणि लहान धक्क्याला जास्त होतं. शहरातले धक्के बहुतेक लहानच असतात: डांबराचं ठिगळ, पेव्हर ब्लॉकची कड, मॅनहोलचं झाकण. एवढ्याने असा फोर्क जागचा हलत नाही आणि सगळा दणका मनगटात येतो. हलतो कधी? पुढचा ब्रेक जोरात दाबला की, आणि चढावर उभं राहून पायडल मारताना. म्हणजे जेव्हा तो स्थिर हवा, नेमका तेव्हाच. वजन म्हणाल तर असा फोर्क २.५ किलोच्या आसपास. क्रोमोली स्टीलचा साधा फोर्क १.१ ते १.३ किलो, आणि त्यात झिजायला काहीच नाही.

वापरलेली सायकल बघायला गेलात तर हे तपासा. पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल पुढे-मागे हलवा. एक बोट सील आणि नळीच्या जोडावर ठेवा, मग तेच बोट फ्रेम आणि फोर्कच्या मधल्या बेअरिंगवर. सीलजवळ टकटक लागली तर बुश गेलेत, फोर्क संपला. वर लागली तर ते बेअरिंग, म्हणजे हेडसेट, सैल आहे, ते दहा मिनिटांचं काम.

मग धक्के कोण खाणार? टायर. २ इंच रुंद टायरमधली हवा हीच खरी स्प्रिंग, आणि तिला हलायला घर्षण आडवं येत नाही. 'शॉकअप नसला की मनगटं दुखतात' म्हणणाऱ्यांच्या टायरची हवा मोजली की बहुतेक वेळा ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) निघते, कारण अंगठ्याने दाबून 'कडक झाला' इतकं बघून थांबलेले असतात. ७० किलोच्या माणसाला २ इंची टायरमध्ये पुढे ३० आणि मागे ३५ पीएसआय पुरतात. १.७५ इंचीला पुढे ४०, मागे ४५. वजन दहा किलोने जास्त असेल तर दोन्हीकडे तीन-चार पीएसआय वाढवा. हवा कमी पडतेय हे ट्यूबच सांगते: खड्ड्यात टायर रिमपर्यंत दबला की ट्यूब चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. तसं पंक्चर निघालं तर पाच पीएसआय वाढवा. मीटर असलेला पंप सायकलीबरोबरच घ्या, लाइट आणि कुलूप यांच्या बरोबरीचा खर्च समजून. टायर मात्र गुळगुळीत किंवा मध्ये सलग पट्टी असलेलेच हवेत. मोठ्या गोट्यांचे टायर डांबरावर घरघरतात, जड चालतात, आणि ओल्या रस्त्यावर त्यांची पकड उलट कमी, कारण रस्त्याला टेकतात फक्त गोट्यांची टोकं.

एवढं सांगितल्यावर पुढचं वाक्य ठरलेलं असतं: 'शॉकअप नाही तर ती माउंटन बाइकच कसली?' माउंटन बाइक जन्मली कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, माउंट टॅमलपाइसच्या उतारांवर. १९७६ पासून त्याच भागात रिपॅक नावाच्या उतारावर शर्यती व्हायच्या. हे नाव पडलं ते मागच्या हबमधल्या (चाकाच्या मधल्या तुंब्यातल्या) ब्रेकमुळे: एका उतारातच ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं, आणि खाली आल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. १९७७ मध्ये त्या शर्यतींत उतरणाऱ्या जो ब्रीझने खास या कामासाठी पहिल्या फ्रेम बांधल्या. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर आली, कारखान्यात मोठ्या संख्येने बनलेली पहिली माउंटन बाइक. यातल्या एकाही सायकलीला शॉकअप नव्हता. रॉकशॉक्स कंपनीने शॉकअपवाला फोर्क आणला तो १९८० चं दशक संपता संपता. माउंटन बाइक म्हणजे रुंद टायर, भक्कम चाकं, चढाला हलके गिअर आणि भरवशाचे ब्रेक. शॉकअप नंतर आला, आणि तो चांगला असेल तरच उपयोगाचा.

शॉकअप वगळून वाचलेले पैसे मागच्या चाकात गेले पाहिजेत. मागे ७ गिअरची चकती असलेल्या स्वस्त सायकलीत बहुतेक वेळा आटे असलेलं फ्रीव्हील (चकत्या आणि त्यांना मोकळं फिरू देणारी यंत्रणा एकत्र) असतं. ते हबवर बाहेरून चढतं, त्यामुळे उजवीकडचं बेअरिंग फ्रीव्हीलच्या आत राहतं आणि तिथपासून फ्रेमपर्यंत धुरीचे जवळजवळ तीन सेंटिमीटर आधाराशिवाय लोंबतात. वजनदार माणूस, खड्डे, मागे कॅरिअरवर बॅग: धुरी आधी वाकते, मग तुटते. चाक पुन्हा पुन्हा आउट होतंय आणि आउट काढूनही टिकत नाही, असं असेल तर चाक उतरवून धुरी बोटांनी फिरवा. तिचं टोक गोल न फिरता भेलकांडलं तर ती वाकलीय. कॅसेटवाल्या हबमध्ये (चकत्या वेगळ्या, ती यंत्रणा हबमध्येच) उजवं बेअरिंग फ्रेमच्या अगदी जवळ असतं, म्हणून हा प्रकार सहसा होत नाही. दुकानात ओळखायचं कसं? मागची सर्वांत लहान चकती घ्या आणि दात मोजा. १४ भरले तर फ्रीव्हील, ११ भरले तर बहुतेक कॅसेट. मागे ८ किंवा ९ चकत्यांची कॅसेट असलेली सायकल मिळत असेल आणि त्यासाठी डिस्क ब्रेक सोडावा लागत असेल, तर सोडा.

ब्रेकवरूनही असाच वाद होतो. तारेचा स्वस्त डिस्क ब्रेक बाहेरून रुबाबदार दिसतो, पण बहुतेकांत एकच पॅड हलतं. ते डिस्कला वाकवून पलीकडच्या स्थिर पॅडवर दाबतं. स्थिर पॅड झिजलं की चाकाच्या बाजूने स्क्रू फिरवून ते पुढे आणावं लागतं. हे कोणी करत नाही, नुसती तार ताणत राहतात, मग डिस्क तिरकी घासते आणि लिव्हर हँडलला टेकतो. नीट लावलेला व्ही-ब्रेक (दोन्ही बाजूंनी रिमला पकडणारा साधा ब्रेक) याहून चांगला थांबवतो. पॅडचं पुढचं टोक रिमपासून मागच्या टोकापेक्षा अर्धा-एक मिलिमीटर जवळ ठेवा, म्हणजे किंचाळणार नाही. पॅड टायरला लागत नाही ना, ते बघा. लागत असेल तर काही आठवड्यांत टायरची बाजू फाटते. खनिज तेलावर चालणारा साधा हायड्रॉलिक डिस्क, शिमानोच्या एमटी२०० च्या दर्जाचा, बजेटात बसत असेल तर तो या दोन्हींपेक्षा वरचढ.

गिअरच्या आकड्यात अर्थ नाही. २१ मधले निम्मे एकमेकांसारखेच असतात. पुढे ४२ आणि मागे १४ दातांवर, मिनिटाला ८० फेरे मारले तर २७.५ च्या चाकावर ताशी सुमारे ३० किमी जाता. पुढे एकच ३२ दातांची चकती आणि मागे ११ ठेवले तरी जवळपास तेवढंच. पुढे एकच चकती म्हणजे एक डिरेलर (साखळी सरकवणारा), एक शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) आणि एक केबल कमी.

हँडल बघा. माउंटन बाइकला आता ७२० मिमी किंवा त्याहून रुंद हँडल येतं. गाड्यांच्या फटीतून जाताना ते आरशांना लागतं आणि हात फाकल्याने खांदे अवघडतात. लगेच कापू नका. ग्रिप, लिव्हर आणि शिफ्टर प्रत्येक बाजूने २० मिमी आत सरकवा, आठवडाभर चालवा. बरं वाटलं तर तेवढं हॅकसॉने कापा, कड कानशीने घासा. बहुतेकांना ६४० ते ६६० वर आराम पडतो. मनगटदुखीचं दुसरं कारण इथेच असतं: ब्रेक लिव्हर आडवे बसवलेले. हात आणि मनगट एका रेषेत येतील इतके ते खाली झुकवा.

फ्रेमला मडगार्ड आणि कॅरिअरची भोकं नसतील तर शहरासाठी ती फ्रेम घेऊ नका.

काही गोष्टी कबूल करायला हव्यात. रविवारची मातीची वाट म्हणजे मुळं, दगड आणि लांब उतार असेल, तर डँपर असलेला हवेचा (लोखंडी स्प्रिंगऐवजी कोंडलेल्या हवेवर चालणारा) फोर्क खरंच फरक पाडतो. तो नव्या स्वस्त सायकलीत मिळत नाही, तेव्हा नीट जपलेली जुनी सायकल शोधा. मनगटाला आधीच दुखापत असेल तर नुसत्या टायरवर भागेलच असं नाही. सतत चिखलपाण्यात चालवणार असाल तर डिस्कचा फायदा खरा आहे, कारण वाळू लागून रिम झिजत नाही. साध्या फोर्कची सायकल मिळालीच नाही, तर पुढे शॉकअपवाली घ्या, पण फ्रेम आणि मागचा हब बघून घ्या. फोर्क नंतर बदलता येतो. बदलताना चाकाच्या धुरीपासून फोर्कच्या खांद्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्यातून २० मिमी वजा करा, कारण बसल्यावर शॉकअप तेवढा दबतो. नवा फोर्क त्या लांबीच्या जवळपास हवा. तो आणखी २० मिमी आखूड असला की फ्रेमच्या पुढच्या नळीचा कोन सुमारे एक अंशाने उभा होतो आणि सायकल चंचल वाटते. फोर्कची हँडलकडे जाणारी नळी वरपासून खालपर्यंत २८.६ मिमीची आहे की खाली जाड होत जाते, तेही बघा, नाहीतर नवा फोर्क बसणार नाही.

कुठलीही घेतलीत तरी पहिल्या १५०-२०० किलोमीटरनंतर चाकं तपासून घ्या. यंत्रावर बांधलेल्या चाकाच्या तारा तोवर बसतात आणि सैल पडतात. बोटाने एकेक तार छेडा. एका बाजूच्या सगळ्यांचा आवाज सारखा यायला हवा. मागच्या चाकात उजव्या आणि डाव्या तारांची तुलना करू नका, उजव्या मुळातच जास्त ताणलेल्या असतात.

चाकाच्या मापाचं राहिलं. उंची साडेपाच फुटांच्या खाली असेल तर २७.५, वर असेल तर २९. पण सायकलीवर पाय टाकून उभं राहिल्यावर वरच्या दांड्यापासून पाच सेंटिमीटर मोकळे राहत नसतील, तर चाक कुठलंही असो, ती फ्रेम तुमच्या मापाची नाही.