भिशीचे बारा हजार आणि बंद पडलेला रेकॉर्डर

कोल्हापुरातल्या कसबा बावड्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. चार वर्षांपूर्वी त्यांनी डीटीएचचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स विकत घेतला. पती शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहेत. दुसरी पाळी संपवून घरी पोचायला त्यांना रात्रीचा एक वाजतो. फुटबॉलचे सामने रेकॉर्ड करून ठेवायचे आणि रविवारी मुलांना घेऊन बघायचे, हा घरातला ठरलेला कार्यक्रम. गेल्या पावसाळ्यात हा बॉक्स तीनदा रुसला. एकूण एकोणीस दिवस टीव्ही बंद राहिला आणि दुरुस्तीवाल्याच्या दोन फेऱ्यांचे पैसेही भरावे लागले. आता कंपनीचा माणूस म्हणतो, हार्ड डिस्क गेली, जुना बॉक्स परत द्या आणि नवा रेकॉर्डर तीन हजारांना घ्या. त्यासोबत वर्षाचा रिचार्ज एकदम करायचा, म्हणजे एक महिना मोफत. महिन्याचा पॅक 560 रुपयांचा, तेव्हा अकरा महिन्यांचे 6,160, बॉक्सचे 3,000 आणि बसवण्याचे 300, मिळून 9,460 रुपये.

ताई घरी शिलाईकाम करतात. या महिन्यात त्यांच्या भिशीचे बारा हजार यायचे आहेत. ते कपड्यांच्या कडा उसवू नयेत म्हणून शिवणारं जुनं इंटरलॉक मशीन घेण्यासाठी राखून ठेवलेले होते, मशीनवाला साडेअकरा हजार सांगतो. त्या विचारतात, ‘भिशीतून हे भरून टाकू का? सवलत सोडवत नाही.’

ताई, आधी त्या सवलतीचंच बघू, कारण ती खोटी नाही. अकरा महिन्यांचे पैसे आज देऊन बारा महिने बघायला मिळत असतील, तर दरमहा भरण्याच्या तुलनेत तुमच्या पैशाला वर्षाला जवळपास 19 टक्के सुटतात. कुठलीही बँक ठेवीवर एवढं देत नाही. म्हणून सवलत सोडवत नाही असं तुम्ही म्हणता, त्यात तुमचा हिशेब चुकलेला नाही.

पण हे 19 टक्के तीन गोष्टींवर उभे आहेत. वर्षभर हाच 560 चा पॅक तुम्हाला हवा असला पाहिजे, वर्षभर बॉक्स चालला पाहिजे आणि वर्षभर छपरावरून सिग्नल आला पाहिजे. गेल्या वर्षी यातल्या दोन गोष्टी तुमच्याकडे घडल्या नाहीत. पहिलीबद्दल मला शंका आहे, त्याकडे पुढे येतो.

सिग्नलचं आधी सांगतो, कारण तुमच्या पत्रात सगळा राग बॉक्सवर आहे आणि माझ्या मते निम्मा दोष गच्चीवर असावा. डीटीएचचा सिग्नल साधारण 11 ते 12 गिगाहर्ट्झच्या लहरींवर येतो. मुसळधार पाऊस ही लहर शोषतो आणि विखुरतो. गगनबावड्याकडून ढग भरून आले की चित्राचे चौकोन पडू लागतात ते यामुळे. केबलवाले बहुतेक वाहिन्या मोठ्या डिशवर, कमी वारंवारतेच्या पट्ट्यात घेतात, म्हणून त्याच पावसात शेजारचा केबलचा टीव्ही पुष्कळदा चालू असतो. एवढा दोष कुठलाही नवा बॉक्स घालवू शकत नाही. पण पाऊस ओसरल्यावरही सिग्नल परतत नसेल, तर एलएनबीच्या, म्हणजे डिशच्या पुढच्या दांड्यावर सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या, कनेक्टरमध्ये पाणी शिरलेलं असतं, वायर कुजलेली असते किंवा वाऱ्याने डिश हललेली असते. आपल्याकडच्या डिश आग्नेयेकडे तोंड करून असतात. त्या बाजूला शेजाऱ्यांनी मजला चढवला असेल किंवा नारळ वाढला असेल, तरी हेच होतं. आणि सिग्नल तुटका असला की रेकॉर्डिंगही तुटकंच होतं. दोन फेऱ्यांत दुरुस्तीवाल्याने गच्चीवर जाऊन वायर आणि कनेक्टर तपासले का, हे तुमच्या पत्रात नाही. तीन हजारांच्या बॉक्सआधी वायर आणि कनेक्टर बदलायला सांगा. तो खर्च त्या मानाने किरकोळ असतो.

आता डिस्क. रेकॉर्डरमधली हार्ड डिस्क तुम्ही काही रेकॉर्ड करत नसतानाही फिरत असते. चालू कार्यक्रम थांबवून मागे नेता यावा म्हणून बॉक्स सतत लिहीत राहतो. टीव्ही रिमोटने बंद केला तरी बॉक्स टीव्हीमागच्या कोंदट जागेत तापलेला असतो, आणि वळिवात वीज झटक्याने गेली की फिरत्या डिस्कला मार बसतो. चार वर्षांत ती गेली, यात तुमचा हलगर्जीपणा नाही. मात्र पैशाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की हे तीन हजार एकदाच लागणारे नाहीत. दर चार वर्षांनी ते लागणार असं धरून चाला, म्हणजे महिन्याला आणखी साठ-बासष्ट रुपये. तुमचा खरा पॅक 560 चा नाही, 620 चा आहे.

आणि त्या डिस्कवरचं काहीही आपल्या मालकीचं राहत नाही. रेकॉर्डिंग त्या बॉक्सच्या कुलपात बंद असतं. डिस्क काढून संगणकाला लावली तर उघडत नाही, बॉक्स बदलला की जुनं सगळं गेलं, आणि बहुतेक ठिकाणी रिचार्ज संपला की रेकॉर्ड केलेलंही दिसत नाही. पैसे देऊन घेतलेली वस्तू घरात आहे, पण आतला ऐवज कंपनीच्या मर्जीवर. ‘साठेक सामने गेले’ असं तुम्ही लिहिलंत, तिथे मी थांबलो. आपल्याकडे पेठापेठांतून अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल सामन्यांना गर्दी उसळते. अशा गावात पाळीवरून दमून आलेल्या माणसाने रविवारी मुलांना शेजारी बसवून सामना बघणं ही उधळपट्टी नाही. तो खर्च मी घराच्या अंदाजपत्रकातून कापायला सांगणार नाही. फक्त तो भागवण्याची ही रीत महाग आहे.

एकदम भरण्याला माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळाच आहे. दरमहा रिचार्ज करणाऱ्या माणसाच्या हातात एक गोष्ट असते, पुढचा महिना न भरण्याची. सेवा बिघडली की कंपनी तुमचं ऐकते ती त्या धाकाने. वर्षाचे पैसे दिलेत की तो धाक संपतो. त्यांच्याकडे तुमचे 6,160 रुपये आणि तुमच्याकडे तक्रार क्रमांक. हे पैसे बँकेतल्या ठेवीसारखेही नाहीत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, रिचार्जच्या शिलकीला तसं काही नाही. कंपनी बदलायची ठरवली तर ही शिलक दुसरीकडे जात नाही, आणि एका कंपनीचा बॉक्स दुसरीला चालत नाही. माझ्या आईने गारगोटीला असाच वर्षाचा रिचार्ज केला होता. तिसऱ्या महिन्यात बॉक्स गेला. दुरुस्तीला आणखी पैसे घालावेत की उरलेल्या नऊ महिन्यांवर पाणी सोडावं, या कोंडीत ती दिवाळीपर्यंत होती. ज्या कंपनीने एका पावसाळ्यात तुम्हाला एकोणीस दिवस ताटकळत ठेवलं, तिला पुढच्या वर्षाचे पैसे आगाऊ देऊ नका.

कंपनीच्या माणसाने ‘बिनव्याजी हप्ते’ही सुचवले आहेत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, व्याज कुठेतरी किमतीत किंवा शुल्कात मिसळलेलं असतं. ते नकोच.

आता पॅक. 560 रुपये कशाचे जातात, ते उघडून बघा. फेब्रुवारी 2019 पासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, नियमांनी प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत जाहीर झाली आणि सुटी वाहिनी निवडण्याचा हक्क आपल्याला मिळाला. त्या वेळी नेटवर्क शुल्क, म्हणजे वाहिन्यांच्या किमतीखेरीज जोडणीसाठी दरमहा द्यायचे पैसे, पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी जास्तीत जास्त 130 रुपये होतं, 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे. 2020 मध्ये तेवढ्याच पैशांत दोनशे वाहिन्या द्यायला लावल्या. जुलै 2024 मध्ये मात्र ही कमाल मर्यादा काढली गेली, तेव्हापासून कंपनी-कंपनीत फरक पडू शकतो. म्हणून दोन-तीन कंपन्यांचं नेटवर्क शुल्क विचारूनच तुलना करा.

एक काम करा. आठ दिवस कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा, घरात कोण कुठली वाहिनी बघतं. सासूबाईंच्या मालिकांची एक, मुलांची एक, बातम्यांची एखादी आणि खेळाच्या दोन, एवढ्यावर यादी संपेल असा माझा अंदाज आहे. फुटबॉलचा हंगाम नसतो त्या महिन्यांत खेळाच्या वाहिन्या काढूनही टाकता येतात. पॅक समजा 380 वर आला, तर वर्षाचे 4,560 होतात. म्हणजे ज्या सवलतीसाठी तुम्ही 6,160 भरायला निघालात, तिच्यापेक्षा सोळाशे रुपये कमी, आणि तेही महिन्या-महिन्याने.

रेकॉर्डिंगसाठी मधला मार्ग आहे. काही कंपन्यांच्या साध्या एचडी बॉक्सला मागे यूएसबीची जागा असते आणि पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क लावून त्यावर रेकॉर्डिंग होतं. ते त्याच बॉक्सवर दिसतं, कुलूप तिथेही असतं, पण डिस्क गेली तर फक्त डिस्क बदलायची. तुम्हीच लिहिलंय की साधा बॉक्स दीड हजारांना मिळतो. घेण्याआधी दोन गोष्टी विचारा, रेकॉर्डिंगची सोय चालू करायला वेगळे पैसे पडतात का, आणि तुमची खेळाची वाहिनी त्यावर रेकॉर्ड होते का. दुसरा मार्ग मोबाइल ॲपचा. बरेच सामने नंतर पुन्हा बघता येतात, पण वर्गणी आणि डेटा धरून हिशेब करावा लागेल, आणि रविवारी चौघांनी मिळून एका फोनवर बघणं मला काही पटत नाही. घरी कधी ब्रॉडबँड आलं तर हा विचार परत करू.

आता भिशी. या महिन्यात तुम्ही इंटरलॉकसाठी सत्तर कपडे राजारामपुरीला पाठवलेत, नगाला पंधरा रुपयांनी 1,050 रुपये. दर महिन्याला साधारण एवढंच जातं, असंही तुम्ही म्हणता. दोरा, वीज आणि मशीनची देखभाल याला अडीचशे धरा, तरी आठशे रुपये दरमहा घरात राहतील. साडेअकरा हजारांचं मशीन सव्वा वर्षाच्या आत-बाहेर स्वतःची किंमत फेडेल, जाण्यायेण्याचा वेळ वाचेल तो निराळा. जुनं मशीन घेताना मोटर आणि सुऱ्या ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा, आणि तुमच्या हाताने चार कपडे शिवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. भिशीचे बारा हजार मशीनला. मला यात शंका नाही.

टीव्हीचे पैसे महिन्याच्या खर्चातूनच येऊ देत. आधी वायर आणि कनेक्टर, मग दोन महिने थांबून साधा बॉक्स. तोवर रविवारचा सामना बुडेल हे मला कळतं. पतींना हा हिशेब कागदावर दाखवा. फौंड्रीत पाळी करणाऱ्या माणसाला मशीनची भाषा समजते.

राहिले ते एकोणीस दिवस. ते सोडू नका. आधी बिल काढा आणि बॉक्स खरंच विकत घेतलेला आहे की भाड्याचा, ते बघा. भाड्याचा निघाला तर त्याच्या दुरुस्तीचा भार तुमच्यावर यायला नको. मग कंपनीला लेखी कळवा, तारखा आणि तक्रार क्रमांक लिहा, आणि तितके दिवस रिचार्जमध्ये वाढवून किंवा फेऱ्यांचे पैसे परत मागा. कॉल सेंटरने टोलवलं तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे न सुटलेल्या तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याकडे, जा. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे लिहिण्यात वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. तेवढ्यानेही भागलं नाही तर कोल्हापुरातच जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पाचसहाशे रुपयांसाठी आयोगापर्यंत जावं असं मी म्हणणार नाही, पण नोडल अधिकाऱ्याला लिहायला अर्धा तास पुरतो आणि तो अर्धा तास तुम्ही द्यावा.

शेवटी तुम्ही पत्राच्या तळाला, जाता जाता लिहिलेलं. लेकीच्या शाळेचं लेझीम पथक एका वाहिनीवर दाखवलं होतं आणि ते रेकॉर्डिंग याच बॉक्समध्ये आहे, ‘कधी कधी लागतं’. ताई, कंपनीचा माणूस शनिवारी जुना बॉक्स न्यायला येणार आहे. त्याला आजच फोन करून येऊ नको म्हणा. बॉक्स दोन तास बंद ठेवून थंड होऊ द्या, मग एकदाच लावा, आणि लेझीम सुरू झालं की मोबाइल टीव्हीसमोर स्थिर धरून शेवटपर्यंत चित्रित करा.