आर्ची बंकरला क्वीन्समधलं घर कसं परवडलं?

तुमचा प्रश्न असा: १९७१ साली सुरू झालेल्या 'ऑल इन द फॅमिली' या अमेरिकी टीव्ही मालिकेतला आर्ची बंकर मालधक्क्यावर मुकादम, बायको एडिथ घर सांभाळणारी, मुलगी-जावईही त्याच्याच घरात. मग न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात स्वतःचं घर कुठून आलं?

ते खरंच परवडत होतं. १९७१चा पगार आणि घराची आजची किंमत शेजारी मांडली की हिशोब फसतो. मालिका सुरू होते तेव्हा आर्ची त्या घरात मुरलेला आहे, त्यामुळे खरेदी १९५०च्या आसपासची धरा. तो दुसऱ्या महायुद्धातला माजी सैनिक. १९४४च्या 'जीआय बिल' या माजी सैनिकांसाठीच्या कायद्यामुळे अशांच्या गृहकर्जाला सरकारची हमी मिळे. व्याज सुरुवातीला ४ टक्के आणि बऱ्याचदा पदरचा एक डॉलरही आधी भरावा लागत नसे.

न्यूयॉर्क शहराबाहेर लाँग आयलंडवरच्या लेव्हिटटाउन या वसाहतीत १९४९ साली नवं घर ७,९९० डॉलरला मिळत होतं. क्वीन्ससाठी १०,००० धरू. ४ टक्क्यांनी ३० वर्षांचा हप्ता महिना ४८ डॉलर बसतो. १९५० साली कारखान्यातल्या कामगाराला आठवड्याला सरासरी ५८ डॉलर मिळत, म्हणजे महिन्याला साधारण २५०. पगाराचा पाचवा हिस्सा! मालमत्ता कर, विमा आणि डागडुजी वेगळी धरली तरी ओढाताण न होता भागतं.

खरी मेख पुढेच आहे. व्याज ठरावीक असल्यामुळे हप्ता ४८वरच थांबला, पगार मात्र महागाईबरोबर चढत गेला. १९७१पर्यंत तो हप्ता किरकोळ झाला होता. जावयाला पोसणं जमलं ते यामुळे. हातात रोकड मात्र फारशी नाही. म्हणून आर्ची जोडीला टॅक्सी चालवतो, आणि १९७७च्या भागात बार विकत घ्यायला एडिथची खोटी सही करून घरच तारण ठेवतो.

देशभराचे आकडेही हेच सांगतात. १९७०मध्ये कुटुंबाचं मध्यम उत्पन्न ९,८७० डॉलर आणि घराची मध्यम किंमत १७,०००, म्हणजे दुपटीच्याही आत. आज हेच प्रमाण त्याहून बरंच वर गेलंय.

पण हा हिशोब सगळ्यांना लावू नका. कायदा कृष्णवर्णीय सैनिकांसाठीही होता, पण कर्ज देताना बँका त्यांना नाकारत आणि लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या करारांत तर गोऱ्यांखेरीज कुणी राहू नये असं कलमच होतं. १९७४च्या 'गुड टाइम्स' या मालिकेतलं कृष्णवर्णीय इव्हान्स कुटुंब शिकागोच्या सरकारी भाड्याच्या इमारतीत राहतं, त्याचं कारण इथे सापडतं.