नवी एअर रायफल घेतलीस, आता छर्रे कोणते?

टोकदार छर्रे जास्त दमदार, मग तेच घेऊ का, असं विचारलंस. नको. दहा मीटरच्या टार्गेटला चपट्या तोंडाचेच घे, 4.5 मिमीचे. कागदाला गोल, स्वच्छ भोक पडतं. दहा गुणांचा ठिपका जेमतेम 0.5 मिमीचा, तिथं कागद फाटला तर गुण कसे मोजणार?

आणि ते टोकदार हरणांसाठी हवे असतील, तर विषय इथंच बंद. सागरेश्वर अभयारण्यातली हरणं असोत की उसातले मोर, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार हा गुन्हा आहे. हत्यार एअर रायफल असलं तरी.

महाग डबा म्हणजे चांगला डबा, हा सांगलीत काय, साताऱ्यात काय, सगळ्या नवशिक्यांचा समज. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. डब्यावर 4.49, 4.50 असे आकडे दिसतील, तो छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास. रेंजवरच्या दोघातिघांकडून थोडे थोडे मागून घे, रायफल टेकवून प्रत्येकातले पाच-पाच मार. ज्याचा ग्रुप, म्हणजे पाच भोकांचा पुंजका, सगळ्यात छोटा, तो डबा घे. वजनाचं गणित सध्या राहू दे.

हमखास होणाऱ्या चुका:
- खाली पडलेला छर्रा पुसून पुन्हा भरणं. शिसं मऊ, कड लगेच चेपते.
- हात न धुता वडापाव खाणं. शिसं पोटात जातं, हसण्यावारी नेऊ नकोस.
- गुण आले नाहीत की डबा बदलणं. सुरुवातीला दोष बहुतेक वेळा ट्रिगरवरच्या बोटाचा असतो.