कुत्र्याने उंदीर मारायची वडी खाल्ली असावी, पण तो ठणठणीत आहे. थांबून बघायचं का?

थांबू नका. कुत्रा आणि वडीचं पाकीट दोन्ही घेऊन दवाखाना गाठा, बाकीचं वाटेत वाचा.

तुम्ही लिहिलंय की काल संध्याकाळी जिन्याखाली ठेवलेली निळी वडी अर्धी कुरतडलेली सापडली आणि आज सकाळी तो नेहमीसारखा जेवला, म्हणजे पचली असावी. मी जनावरांचा डॉक्टर आहे. हे 'पचली असावी' माझ्या टेबलावर चौथ्या दिवशी येतं, तेव्हा कुत्र्याला उभंही राहवत नसतं.

या वड्यांमध्ये बहुतेक वेळा ब्रोमॅडिओलोन असतं. त्यानं पोट बिघडत नाही. रक्त गोठण्यासाठी लागणारे घटक यकृत 'के' जीवनसत्त्वाच्या जोरावर बनवतं, ते काम हे औषध बंद पाडतं. अंगातला आधीचा साठा संपेपर्यंत दोन-तीन दिवस, कधी पाचही, जनावर मजेत असतं. मग मलूल होतं, धाप लागते, खोकला येतो (छातीत रक्त साचतं, आणि घरच्यांना वाटतं सर्दी झाली), शी डांबरासारखी काळी होते. ओठ वर करून हिरडी बोटानं दाबा; पांढरी पडून दोनेक सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी. हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग बघा. पण आज सगळं गुलाबीच दिसेल, त्यावर विसंबू नका.

काल संध्याकाळचं खाणं म्हणजे उलटी करवण्याची वेळ गेली. ती पहिल्या काही तासांतली गोष्ट, आणि तीही डॉक्टरनंच करायची. आता रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी (पीटी) होईल आणि बहुधा के-१ ('के' जीवनसत्त्वाचाच एक प्रकार, या विषावरचा उतारा) सुरू होईल, साधारण तीन ते चार आठवडे. कुत्रा छान दिसतोय म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. शेवटच्या गोळीनंतर दोन दिवसांनी पुन्हा पीटी करतात. मेडिकलमधून आपल्या मनानं 'के'चं इंजेक्शन आणायच्या फंदात पडू नका, त्याच जीवनसत्त्वाचा के-३ हा प्रकार इथे कामाचा नाही.

पाकिटाचा एवढा आग्रह का, तर उंदराचं औषध एकाच जातीचं नसतं. काळपट पूड असेल तर झिंक फॉस्फाइड असू शकतं. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्यातून विषारी वायू निघतो आणि काही तासांतच जनावर कोसळतं. पोटात अन्न गेलं की आम्ल वाढतं, म्हणजे कळवळून भरवलेला दूधभात उलटाच पडतो. अशा कुत्र्याच्या उलटीला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो. तो वायू तुम्हालाही बाधतो, तेव्हा गाडीच्या काचा खाली ठेवा. आणि तोंडातून लाळेच्या तारा, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, अंगाला कंप असं दिसलं तर संशय कीटकनाशकावर जातो, त्यावर ॲट्रोपिन नावाचं औषध असतं. तीन विषं, तीन वेगळे उपचार.

शेजारीपाजारी मीठपाणी पाजायला सांगतील. पाजू नका, त्या मिठानंच कुत्रे दगावतात. दूध-तुपानं विष मरत नाही. झटके येत असतील किंवा शुद्ध नसेल तर तोंडात पाणीसुद्धा घालू नका, श्वासनलिकेत जातं.

घरात मांजर आहे का ते लिहिलं नाहीत. असेल तर तिलाही न्या, वडी नक्की कोणी कुरतडली हे तुम्ही पाहिलेलं नाही. आणि तिला ताप वाटला म्हणून आपली पॅरासिटामॉल कधी देऊ नका, एका गोळीनंही मांजर जातं.

निघण्याआधी दवाखान्यात फोन करून के-१ आहे का ते विचारा. सगळीकडे ठेवलेलं नसतं. तुम्ही पोचेपर्यंत ते मागवून ठेवू शकतील. कुत्र्याचं वजन आणि अंदाजे किती वडी गेली तेही फोनवरच सांगा.