क्रिस्टलोग्राफीत करिअर म्हणजे आयुष्यभर मशीन चालवणं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली, आता क्रिस्टलोग्राफीत, म्हणजे क्रिस्टलवर क्ष-किरण सोडून रेणूची रचना शोधण्याच्या शास्त्रात, पीएच.डी. करायची म्हणते. ओळखीतल्या एकांनी सांगितलं की हल्ली क्रिस्टल ठेवला की मशीनच दोन तासांत रेणूचं चित्र काढून देतं. मग माणसाला काम काय उरलं?

त्यांचं अर्धं बरोबर आहे. मी गेली 19 वर्षं हेच करते. क्रिस्टल चांगला असेल तर सकाळी लावलेला डेटा डबा खाईपर्यंत हातात येतो. सॉफ्टवेअर अणूंना नावंसुद्धा देऊन टाकतं.

घोळ त्या नावांतच असतो. क्ष-किरण विखुरतात ते इलेक्ट्रॉनांमुळे. त्यामुळे आपल्याला मिळतो तो इलेक्ट्रॉन कुठे दाट, कुठे विरळ याचा नकाशा. त्यातला एखादा उंचवटा कार्बनचा की नायट्रोजनचा, हे त्यावर लिहिलेलं नसतं. एकाकडे 6 इलेक्ट्रॉन, दुसऱ्याकडे 7. हायड्रोजनकडे तर एकच, आणि तोही बंधात अडकलेला.

माझीच एक चूक सांगते. एका आम्लधर्मी औषधाच्या रेणूबरोबर पिरिडीन-वर्गातला, म्हणजे नायट्रोजन असलेला, बेस घेऊन क्रिस्टल वाढवले होते. प्रश्न एवढाच होता की आम्लातला हायड्रोजन ऑक्सिजनवरच राहिला, की उडी मारून बेसमधल्या नायट्रोजनवर गेला? राहिला तर को-क्रिस्टल, गेला तर सॉल्ट. औषधाच्या नोंदणीत या दोन शब्दांनी बराच फरक पडतो. सॉफ्टवेअरने हायड्रोजन ऑक्सिजनवर बसवला, मी मान डोलावली आणि रिपोर्ट पाठवून दिला. दोन दिवसांनी तो पदार्थ बनवणारा मुलगा तक्ता घेऊन आला. "मॅडम, हे दोन्ही सी-ओ बंध सारखेच कसे?" बघते तर आम्लातल्या कार्बन-ऑक्सिजनच्या दोन बंधांची लांबी 1.25 आणि 1.26 अँगस्ट्रॉम (मीटरचा एक हजार कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम). हायड्रोजन ऑक्सिजनवर असता तर एक बंध 1.21च्या आसपास आणि दुसरा 1.31च्या आसपास दिसायला हवा होता. म्हणजे हायड्रोजन केव्हाच नायट्रोजनवर गेला होता. नकाशात त्या जागी बारीकसा उंचवटाही होता, मीच पाहिला नव्हता. उत्तर माझ्याच तक्त्यात पडून होतं, पण तो प्रश्न विचारायला रसायनशास्त्र येणारं डोकं लागलं.

या कामात अख्खं आयुष्य कसं जातं ते बघायचं तर ब्रिटिश क्रिस्टलोग्राफर डोरोथी हॉजकिन यांच्याकडे बघा. जन्म 1910, कैरोचा. बहुतेक सगळी कारकीर्द ऑक्सफर्डमध्ये. चोविसाव्या वर्षीच संधिवाताचं निदान झालं, आणि पुढे त्याच वाकड्या बोटांनी त्या केसाएवढे क्रिस्टल हाताळत राहिल्या.

दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिनचा रेणू नेमका कसा आहे यावर रसायनशास्त्रज्ञांत दोन तट पडले होते. एका बाजूचं म्हणणं, त्यात चार अणूंचं कडं आहे. दुसऱ्या बाजूला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्यासारखा दबदब्याचा माणूस. त्यांना ते पटेना, कारण असलं ताणलेलं कडं टिकेल कसं? हॉजकिन, त्यांची विद्यार्थिनी बार्बरा लो आणि चार्ल्स बन यांनी पेनिसिलिनच्या सोडियम, पोटॅशियम आणि रुबिडियम सॉल्टचे क्रिस्टल घेतले आणि 1945 मध्ये निकाल लावला: चार अणूंचं कडं आहे. आज आपण ज्याला बीटा-लॅक्टम म्हणतो ते हेच. पेनिसिलिन आम्लात इतक्या पटकन का मोडतं, हेही त्या ताणातून उलगडलं.

मग व्हिटॅमिन बी-12. हायड्रोजन सोडले तरी 93 अणू, मधोमध कोबाल्ट. तेव्हाचे हिशोब साइन-कोसाइनचे आकडे छापलेल्या कागदी पट्ट्या पेटीतून काढून, ओळीने लावून, हाताने बेरजा करत चालायचे. पुढची मोठी आकडेमोड केनेथ ट्रूब्लड यांनी लॉस एंजेलिसमधल्या कॉम्प्युटरवर करून दिली. रक्तातल्या हीममध्ये (हिमोग्लोबिनचा लोह धरणारा भाग) चार लहान कड्यांचं मिळून एक मोठं कडं असतं, तसंच इथेही निघेल अशी अपेक्षा होती. निघालं थोडं वेगळं: चारपैकी दोन लहान कडी मधल्या कार्बनशिवाय थेट एकमेकांना जोडलेली. असं काही असेल हे आधी कुणाच्या डोक्यात नव्हतं. माझ्या मते त्यांचं सगळ्यात धाडसाचं काम हेच. पेनिसिलिनमध्ये निदान दोन पर्याय समोर होते, इथे पर्यायांची यादीच चुकीची होती. त्यानंतर 1961 मध्ये बी-12च्या को-एन्झाइममध्ये (शरीरात प्रत्यक्ष काम करणाऱ्या रूपात) कोबाल्ट थेट कार्बनला जोडलेला सापडला, तेही सजीवातल्या रेणूत!

1964 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना एकट्यांना मिळालं. इन्सुलिन मात्र त्याच्याही पुढे गेलं: पहिला क्ष-किरण फोटो 1935 चा, रचना 1969 ची. चौतीस वर्षं! त्या गटात आपले एम. विजयन होते. पुढे बेंगळुरूच्या आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्थेत) त्यांनी प्रथिनांच्या क्रिस्टलोग्राफीचं काम उभं केलं.

आता तसे प्रश्न संपले का? 1996 मध्ये बाजारात आलेलं रिटोनाव्हिर हे एचआयव्हीवरचं औषध घ्या. 1998 मध्ये त्याच रेणूचा वेगळ्या रचनेचा क्रिस्टल अचानक तयार होऊ लागला. तो इतका कमी विरघळायचा की कॅप्सूल बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. रेणू तोच, फक्त रचून बसण्याची तऱ्हा निराळी. औषध कंपन्या तेव्हापासून याला घाबरूनच असतात, आणि नोकऱ्या बऱ्याचशा तिथेच आहेत.

मुलीसाठी एकच व्यवहाराची गोष्ट. गाइड ठरवण्याआधी तिला त्या लॅबमधल्या मुलांशी बोलायला सांगा. क्रिस्टल कोण वाढवतं आणि कोण उचलतं, हे विचारायचं. काही ठिकाणी बाहेरून बाटल्या येतात, ही मुलं फक्त डेटा काढून परत पाठवतात. तिथे तुमच्या ओळखीच्यांचं म्हणणं खरं ठरेल. काही ठिकाणी मात्र विद्यार्थी स्वतःच पदार्थ बनवतो, बाटलीवर फॉइल लावून सुईने तीन भोकं पाडतो, आठवडाभर ती कुणाला हलवू देत नाही, मग मायक्रोस्कोपखाली तेलाच्या थेंबात एक बरा तुकडा शोधून लूपवर, म्हणजे बारीक फासावर, उचलतो. तो उणे 173 अंशांच्या नायट्रोजनच्या झोतात धरल्यावर तडकला की पुन्हा बाटलीकडे. दुसऱ्या प्रकारची लॅब मिळाली तर जाऊ द्या तिला.